वानोळा

घरी पोचले त्या रात्री आजीनं आधी माझे हात चाचपले, मग दंड, मग गाल. "वाळी गई व पोर," तिच्या अहिराणीत म्हणाली आणि लगेच तिचा नेहमीचा प्रश्न आला. वर्षभर दर रविवारी फोनवर ती हेच विचारत आली आहे. "तठे तुन्हं कोन शे व माय?" तिथं तुझं कोण आहे? ताप आला तर पाणी कोण देईल?

फोनवर मी पटकन सांगून मोकळी व्हायचे, "आहेत गं आजी, खूप जण आहेत." समोर बसल्यावर तेवढ्यानं भागेना. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खूप जण आहेत हे खोटं नव्हतं. माझ्या फोनमध्ये तिथल्या तीनेकशे माणसांचे नंबर आहेत, रस्त्यानं सायकलवरून जाताना दर दोन मिनिटांनी कुणीतरी हात करतं. पण आजीचं 'कोण' वेगळं आहे, आणि त्या 'कोण'चं उत्तर माझ्यापाशी या जूनपर्यंत नव्हतं. आज दुपारी घरात सगळे झोपलेत, ओट्यावर बऱ्यापैकी वारा आहे, तर ते सगळं एकदा लिहून काढावं म्हणते.

मी नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेन नावाच्या गावात शिकते. १८७६ साली तिथं सरकारी शेतकी शाळा निघाली, तिचंच पुढं विद्यापीठ झालं. केळीवर काम करणाऱ्यांना हे नाव माहीत असतं, कारण पनामा रोगावर, म्हणजे केळीच्या मर रोगावर, तिथं बरंच संशोधन चालतं. आमचं घर जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, अडावदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरात तीन पिढ्यांची केळी. त्यामुळे कुठं शिकायला जायचं याचा फार विचार करावा लागला नाही, पैशाचा करावा लागला. अण्णांनी शेत तारण ठेवून कर्ज काढलं. चोपड्याला रेल्वे नाही, तशी वाखेनिंगेनलाही नाही. एडे स्टेशनवर उतरायचं आणि पुढं बस. पहिल्या दिवशी दोन बॅगा सांभाळत त्या बसमध्ये बसले तेव्हा धरणगावला उतरून चोपड्याची एसटी धरल्यासारखं वाटलं आणि जरा धीर आला. गावाच्या एका अंगाला ऱ्हाइन नदी वाहते. हिवाळ्यात तिला पाणी चढलं की नदी आणि बांध यांच्या मधली गवताची रानं बुडतात, आणि बांधावर उभं राहिलं की पाण्याचा रंग थेट श्रावणातल्या तापीचा.

खोली मिळाली ती विद्यार्थ्यांच्या एका उंच इमारतीत. मजल्यावर लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि बारा जणांत एक स्वयंपाकघर. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा, कपाटात प्रत्येकाचा एक खण, दुधाच्या डब्यावरसुद्धा नाव लिहिलेलं. डच मुलं संध्याकाळी सहाला जेवून मोकळी, इटलीचा मुलगा साडेआठला पाणी उकळायला ठेवणार, मी नऊला फोडणी देणार. एक ओटा आणि त्यावर बारा घरं. कुणी कुणाशी वाईट वागत नव्हतं. 'हाय' म्हणायचे, वाट द्यायचे, शेगडी पुसून ठेवायचे. पण पहिल्या पंधरा दिवसांत मला एकानंही विचारलं नाही की आज काय केलंस.

तिसऱ्या आठवड्यात मी घरून आणलेली शेव काढली आणि शेवभाजी केली. घरच्या काळ्या मसाल्याची, वर तेलाचा तवंग आलेली. शेजारच्या खोलीत उत्तरेकडच्या फ्रिसलँड प्रांतातली एक मुलगी राहायची. तिचं दार वाजवून मी डबा दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, तीन वेळा आभार मानले. दोन दिवसांनी माझ्या दाराशी तो डबा होता. घासलेला, पुसलेला, झाकण नीट लावलेलं. आत काही नव्हतं.

ज्यांनी खानदेशात, किंवा कुठल्याही गावात, लहानपण काढलंय त्यांना त्या क्षणी माझ्या पोटात काय झालं ते सांगावं लागणार नाही. आमच्याकडे शेतात नवं काही निघालं की घरात खायच्या आधी वानोळा निघतो. पहिली भेंडी, मुगाच्या पहिल्या शेंगा, हुरडा, भरताची वांगी, घड पिकत घातला की पहिली फणी. चार घरी वाटीनं, सुपानं, पदराखाली झाकून जातो. आणि ती वाटी रिकामी परत येत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकून येते. मी सहा-सात वर्षांची असताना एकदा शेजारच्या काकूंची वाटी तशीच परत द्यायला निघाले तर आईनं दारातून मागं ओढलं होतं. "रिकामी वाटी नेतेस? त्यांना काय वाटेल?" त्या दिवशी तिनं वाटीत दोन गुळाचे खडे ठेवले. मला ते खडे अजून दिसतात.

म्हणून तो स्वच्छ डबा हातात घेऊन मी बराच वेळ दारात उभी राहिले. तिला माझं खाणं नको होतं, मी नको होते, असंच वाटलं. पुढं कळलं की तिच्या घरी भांडं चकचकीत घासून, सांगितल्या दिवशी परत करणं हाच मान असतो. उधारी ठेवली नाही, तुझी वस्तू जपली, असा त्याचा अर्थ. हे कळायला मला पाच महिने लागले. तोवर मी मनातल्या मनात तिच्याशी अबोला धरून होते आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

नोव्हेंबरात तिथं साडेचारला अंधारायला लागतं. डिसेंबरात त्याच्याही आधी. सकाळी वर्गात जाताना काळोख, परत येताना काळोख, आणि मधे जो उजेड असतो तो राखेच्या रंगाचा. आमच्या बोळात इथिओपियाचा एक मुलगा होता, शांत, पीएचडीचा. चार दिवस तो स्वयंपाकघरात दिसला नाही. मी दोघातिघांना विचारलं. सगळे म्हणाले, काम असेल, त्याला त्याची जागा हवी असेल. हे 'त्याची जागा' प्रकरण मला तिथं फार ऐकू यायचं. आमच्या गल्लीत एखाद्याचं दार सकाळी नऊपर्यंत उघडलं नाही तर शेजारी कडी वाजवतात. मी त्याचं दार वाजवलं. त्याला एकशे दोन ताप होता आणि खोलीत पाण्याची बाटलीसुद्धा रिकामी. आजीचा प्रश्न शब्दशः माझ्या पुढ्यात पडला होता.

तिथून माझं सगळं सुरू झालं. त्याच्यासाठी मऊ भात केला, दुसऱ्या दिवशी डॉक्टरची वेळ घेतली. मग ठरवलं की दर गुरुवारी बोळातल्या सगळ्यांनी एकत्र जेवायचं. बारांचे पंधरा झाले, वरच्या मजल्यावरची मुलं यायला लागली, जानेवारीत चाळीस जण झाले तेव्हा खालचा मोठा हॉल मागावा लागला. फेब्रुवारीत आलेल्या दोन नव्या मुलींना आणायला विमानतळावर गेले. सायकल दुरुस्त करायला शिकले आणि शनिवारी सकाळी दुसऱ्यांच्या सायकलींची पंक्चरं काढायला बसू लागले. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या समितीत आले. युरोपबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना तिथं आठवड्याला सोळाच तास काम करता येतं, किंवा मग जून ते ऑगस्ट पूर्णवेळ, आणि तेही मालकानं परवाना काढला तर. हा नियम मी इतक्या जणांना समजावून सांगितला की झोपेतही सांगेन.

डच लोकांच्या रीती मला याच धावपळीत कळल्या. त्यांची डायरी हा एक धर्मच आहे. चहाला भेटू या म्हटलं की डायरी निघते आणि 'पुढच्या महिन्यात, मंगळवारी, पावणेचारला' असं ठरतं. सुरुवातीला राग यायचा. नंतर दिसलं की पावणेचार म्हटलं की ते पावणेचारला दारात असतात, पाऊस असो, बर्फ असो, आणि फोन बाजूला ठेवून तासभर तुमचंच ऐकतात. आपल्याकडे "ये ना कधीही" म्हणतात, तेही खरं असतं आणि हेही खरं असतं. एका वाढदिवसाला गेले तर खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि येणारा प्रत्येक जण उत्सवमूर्तीचंच नव्हे तर तिच्या आईचं, भावाचं, मावशीचंही हात हातात घेऊन अभिनंदन करत होता. तुझ्या बहिणीचा वाढदिवस, तुझं अभिनंदन. मला हे फार आवडलं. आनंद घरातल्या सगळ्यांचा, असं धरून चालणारी माणसं माझ्या ओळखीची होती.

दोन दिवस मात्र तपशिलात सांगायलाच हवेत.

एक भरिताचा. मार्चमध्ये मला भरीत करावंसं वाटलं, पण तिथली वांगी काळीजांभळी, काचघरात वाढलेली, गर पाणचट. आमच्याकडची हिरवट पांढुरकी, बोटानं दाबलं तर लोण्यासारखी वाटणारी भरताची वांगी तिथं कुठली. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलंही होतं. ओव्हनमध्ये भाजून बघितली. शिजली, पण धूर नव्हता, आणि धुराशिवाय ते भरीत होत नाही. विद्यापीठाच्या जवळ द्रूफेनदाल म्हणून विद्यार्थ्यांची बैठ्या घरांची वस्ती आहे, घरांपुढं भाज्यांचे वाफे आणि मोकळी जागा. तिथल्या मुलांनी अंगणात जाळ करायला हो म्हटलं. ऱ्हाइनपलीकडे फळबागांचा पट्टा आहे, तिथला एक मुलगा घरून सफरचंदाच्या छाटणीच्या काड्या घेऊन आला. आमच्याकडे कपाशीच्या काड्यांवर भाजतात, तिथं सफरचंदाच्या. चाळीस वांगी जाळात टाकली. साल काळी पडून तडकायला लागली तसा तो वास उठला आणि मला दोन मिनिटं बाजूला जाऊन उभं राहावं लागलं. मग सोलणं, लाकडी दांड्यानं ठेचणं, हिरव्या मिरच्या आणि लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वर कडकडीत तेल. ज्वारी मिळाली नाही म्हणून कळण्याच्या भाकरीऐवजी गव्हाच्या पुऱ्या केल्या. साठ जण जेवले. इथिओपियाचा मुलगा पाटा-वरवंट्यासारख्या त्यांच्या घरच्या दगडाबद्दल सांगत बसला. अंधार पडेपर्यंत कुणी उठलं नाही. डायऱ्या कुणाच्याही बाहेर आल्या नाहीत.

दुसरा ज्योतीचा. डच माणसाला वाखेनिंगेन आठवतं ते एका हॉटेलामुळे. १९४५ च्या मे महिन्यात तिथल्या 'हॉटेल दे वेरेल्ड'मध्ये जर्मन सैन्याच्या शरणागतीची बोलणी झाली. दरवर्षी ४ मेला रात्री आठ वाजता सगळा देश युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं गप्प उभा राहतो. आणि मध्यरात्री, ५ मे लागला की वाखेनिंगेनच्या चौकात ज्योत पेटते. गावोगावहून आलेले लोक तिच्यावर आपली मशाल पेटवून घेतात आणि रात्रीतून पळत आपल्या गावी नेतात.

हे मला कुणी सांगितलं तेव्हा मी विचारलं, "अनवाणी?" त्यांना काही समजलं नाही. नवरात्रात आमच्याकडची पोरं वणीच्या सप्तशृंगी गडावर जाऊन अशीच ज्योत आणतात. पाळीपाळीनं पळतात, मागं टेम्पो, पहाटे वेशीवर ढोल. आम्ही मुली आरतीचं ताट घेऊन वेशीत उभ्या राहायचो. ज्योत हातात देऊन "चल, पळ" असं मला कुणी म्हणालं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. त्या रात्री मी पाणी वाटायच्या कामावर होते. एका गटातल्या मुलीचा पाय मुरगळला आणि त्यांनी इकडंतिकडं बघून मलाच विचारलं, पळशील का. बांधावरचे दोन किलोमीटर मी ती मशाल घेऊन पळाले. हात भरून आला होता, धूर डोळ्यात जात होता, डाव्या हाताला काळं पाणी, आणि तोंडातून आपोआप "सप्तशृंगी माते की जय" निघालं. मागचे डच पोरगे काहीही न कळता "जय" म्हणाले. घरी फोन करून सांगितलं तेव्हा आजी खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, चप्पल काढली होतीस का? काढली नव्हती. थंडी फार होती. तेवढं तिला खटकलं, बाकी सगळं तिला पटलं.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण अण्णांना काळजी होती आणि ती खोटी नव्हती. ते कधी रागावत नाहीत. फक्त विचारायचे, "अभ्यास कधी करतेस, बेटा?" एका विषयात मी नापास झाले. पुनर्परीक्षा देऊन तो सुटला, पण त्या रात्री बसून मी माझ्या आठवड्याचे तास मांडले तेव्हा दिसलं की मी वर्गापेक्षा हॉलमध्ये जास्त असते. आणि त्याहून एक गोष्ट दिसली, ती आणखी अवघड होती. या सगळ्या महिन्यांत मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. कुणी जेवायला बोलावलं तर "मी करून आणते" म्हणायचे. कुणी सामान उचलायला आलं तर "राहू दे, जमतं मला." ताप आला तेव्हा दार बंद करून दोन दिवस पडून राहिले आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं की प्रोजेक्ट होता. इथिओपियाच्या मुलानं जे केलं तेच मी केलं होतं. वानोळा वाटत होते आणि माझ्या वाटीत कुणाला काही टाकू देत नव्हते. ज्या घरातून वाटी फक्त जाते आणि येत नाही, त्या घराला गल्लीत काय म्हणतात हे मला माहीत होतं. मोठं घर म्हणतात. आणि मोठ्या घराच्या ओट्यावर कुणी बसत नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वादळ आलं. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात मृगाच्या आधी-नंतर वारं सुटतं आणि केळी झोपते, हे आम्ही लहानपणापासून बघतो. केळीचं झाड म्हणजे पाण्यानं भरलेलं खोड, वरून घडाचं ओझं. वारा जोराचा आला की बांबूचा टेकूही पुरत नाही. दुपारी अडीचला वर्गातून बाहेर पडत होते, घरी सहा वाजले असतील, चुलतभावाचे फोटो आले. पाच एकर मृगबाग. घड भरत आलेले, महिन्याभरात कापणी. सगळी एका दिशेला निजलेली, जणू कुणी विंचरून ठेवलीय. नऊ हजारांच्या आसपास झाडं. ठिबकच्या नळ्या उपटून वर आलेल्या.

अण्णांना फोन केला. घरी आम्ही दोघं मराठीत बोलतो, पण तेव्हा ते अहिराणीतच बोलले. "बाग गई. तू पेपर दे." एवढंच. फोन ठेवला.

दोन दिवसांवर परीक्षा होती, विषय रोपांचे रोग. आणि त्या दिवशी गुरुवार होता. मी चाळीस जणांचा स्वयंपाक केला. वाढलं, हसले, भांडी घासली. कुणालाच सांगितलं नाही, कारण काय सांगायचं? कर्ज, तारण, टेकू, निसवण, हे शब्दच मला त्यांच्या भाषेत कधी लागले नव्हते. तीनशे नंबरांतून एकही दाबता येईना.

रात्री बारा वाजता स्वयंपाकघरात दिवा न लावता बसले होते. फ्रिसलँडची मुलगी पाणी प्यायला आली. तिनं दिवा लावला, माझ्याकडे बघितलं, आणि काय झालं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. ती गेली नाही. समोरची खुर्ची ओढून बसली. मग मी फोन तिच्या पुढ्यात सरकवला.

तिनं फोटो मोठा करून बघितला. मला वाटलं आता 'वाईट वाटलं' म्हणेल. तिनं विचारलं, "किती हेक्टर?"

मी सांगितलं. दोन.

"विमा?"

आहे, पण पंचनामे व्हायचेत.

"काढणीला किती दिवस होते?"

महिना.

"हे पुन्हा फुटतं का?"

या शेवटच्या प्रश्नानं मला रडू फुटलं. वर्षभरात मला कुणी आमच्या शेताबद्दल असा प्रश्न विचारला नव्हता. मी तिला कागदावर काढून दाखवलं. पडलेलं खोड कापायचं, बुंध्याशी पील, म्हणजे नवे कोंब, असतात, त्यातला एक जोमदार ठेवायचा, बाकीचे काढायचे. मुळं जिवंत असतात. पण बाजाराचा हंगाम जातो, खत परत घालावं लागतं, आणि बँक पिलाला ओळखत नाही. तिनं कागद आपल्याकडे वळवून घेतला आणि प्रत्येक गोष्टीपुढं खर्च विचारत गेली, जसा शेतकरी शेतकऱ्याला विचारतो.

तिचं घर दुधाचं. ऐंशी गाई. हे मला तोवर माहीतच नव्हतं, कारण मी तिला कधी विचारलं नव्हतं. रिकाम्या डब्यावरून मी तिला मनातून काढून टाकलं होतं. त्या रात्री तिनं सांगितलं की २०१९ साली नायट्रोजनच्या उत्सर्जनावरून न्यायालयाचा निकाल लागला, गाई कमी करायच्या गोष्टी निघाल्या, ऑक्टोबरात देशभरचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला गेले, तिचे वडीलही गेले. आणि ती शिकते त्याच विद्यापीठात, जिथले संशोधक ते उत्सर्जन मोजतात. घरी जेवताना विद्यापीठाचं नाव निघालं की वडील गप्प होतात. ती आईशी फोनवर बोलते तेव्हा डच नाही, फ्रिसियन बोलते. त्यांची वेगळी भाषा, त्या प्रांतात तिला सरकारी मान आहे. मी म्हटलं, मीही घरी दुसरी भाषा बोलते, तिला तसा कागदोपत्री मान नाही. वडिलांना त्या भाषेत 'हाइट' म्हणतात, आईला 'मेम', आजीला 'बेप्पे'. मी तिला अहिराणीतलं 'आंडेर' शिकवलं. मुलगी. दोन वाजेपर्यंत आम्ही बसलो होतो, एकाच घराच्या दोन आंडेरी असल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डायरी उघडून माझ्यासमोर तीन गोष्टी खोडल्या. ती माझ्याजवळ ग्रंथालयात बसून राहिली. संध्याकाळी बरोबर सहाला माझ्या खोलीत एक मातीचा खोल वाडगा घेऊन आली, वाटाण्याचं दाट सूप, त्यात बटाटा आणि गाजर. ते हिवाळ्यातलं खाणं आहे, जूनमध्ये कुणी करत नाही, पण तिला तेवढंच नीट येत होतं. तोंडाशी "मी जेवलेय" आलं होतं. ते गिळलं आणि वाडगा घेतला. मीठ कमी होतं. सगळं संपवलं. परीक्षेच्या दिवशी सकाळीही ती दोन उकडलेली अंडी आणि ब्रेड घेऊन दारात होती.

तिचा वाडगा मी घासला, पुसला. माझ्या खणात तेव्हा काहीच नव्हतं, ना गूळ, ना साखर. दुकानात जायची ताकद नव्हती. वाडगा तसाच तिच्या हातात दिला, रिकामा. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं घेतला आणि कपाटात ठेवला, आणि आम्ही बोळातून बोलत बोलत खाली गेलो.

विषय सुटला.

आता घरी आहे. बागेत जाऊन आले. पडलेली खोडं कापून ओळींच्या मधे टाकलीत, कुजून काळी पडलीत, आणि त्यातून पील कमरेएवढे झालेत. पानावर हरण्या रोगाची पिवळी रेघ दिसते का म्हणून मी एकेक पान उलटून बघत होते तर अण्णा मागून म्हणाले, "बघ, बघ, त्यासाठीच पाठवलंय." वर्षभरात पहिल्यांदा ते असं मोकळं बोलले. पंचनामा झालाय, पैसे अजून यायचेत. रविवारी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसणार. रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, भाऊबंदांची घरं भरली आहेत, आई गहू निवडतेय. परवा जात्याशी बसून तिनं सगळ्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू घेतला. आमच्याकडे हा मान घरातल्या पुरुषांचा. माझ्या नावाची मूठ घेताना तिनं कुणाकडे बघितलं नाही आणि कुणी काही म्हटलंही नाही. मागच्या वर्षी मी नव्हते तेव्हाही घेतली होती, हे मला आत्ता कळलं.

बॅगेतून मी एक निळा पत्र्याचा डबा काढून आजीच्या मांडीवर ठेवला. फ्रिसलँडच्या बेप्पेनं आमच्या आजीसाठी घरी भाजलेली बिस्किटं पाठवलीत, भरपूर लोणी घातलेली. आजीनं एक तोंडात घोळवलं, गिळलं आणि विचारलं, ही कोण? मग मी वादळाच्या रात्रीचं सगळं सांगितलं. किती हेक्टर विचारलं तेही, सूपही, आणि रिकामा वाडगाही. वाडग्यापाशी आईचा गव्हातला हात थांबला. ती काही बोलली नाही. आजीनं विचारलं, "ती बी शेतकरीनी आंडेर शे का?"

हो म्हटलं.

आजीनं मान हलवली. तिचा नेहमीचा प्रश्न त्यानंतर आलेला नाही.

काल दुपारी आईनं बांधाकडच्या ओळीतून एक हिरवा घड उतरवून आणायला लावला. वाऱ्यातून तेवढीच शंभरेक झाडं उभी राहिली होती. तिनं चुलीवर कढई ठेवली आणि किसणी आडवी धरून केळी थेट तेलात पाडत गेली. वेफर्स. मीठ-हळदीचं पाणी चमच्यानं शिंपडलं की तेल तडतडायचं आणि चकत्या वर यायच्या. अर्धी परात गल्लीत गेली. उरलेले निवल्यावर तिनं निळा डबा धुऊन, उन्हात कोरडा करून घेतला आणि तळाशी कागद घातला. मी म्हटलं, आई, मी जायला अजून तीन आठवडे आहेत, मऊ पडतील, तेव्हा ताजे करू. ती म्हणाली, तेव्हा करूच, पण यात किती मावतात ते तर बघू दे.

ती एकेक थर हलक्या हातानं लावत होती, मोडू नयेत म्हणून. आजी खाटेवरून बघत होती. अर्धा डबा झाला तसं तिला राहवेना.

"अशी काय भरस? दाबीसन भर."